झऱ्याकाठचा नवस : गॉलच्या आरोग्यदेवता

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज आपण एका लाकडी पायापासून सुरुवात करू या. फ्रान्समध्ये दीजों नावाचं शहर आहे. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात असे बरेच लाकडी पाय आहेत. हात आहेत, डोकी आहेत, धडं आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. बहुतेक ओकच्या लाकडाची, काही बऱ्यापैकी कोरलेली, काही अगदी ओबडधोबड. कित्येक चेहऱ्यांवर नाक म्हणजे एक उभी धार आणि तोंड म्हणजे एक आडवी खाच, एवढंच.

कलेचे उत्तम नमुने म्हणून आपण त्यांच्याकडे गेलो तर थोडी निराशा होईल. पण हे पाय कुणी शोभेसाठी केलेले नाहीत. कुणाचा तरी गुडघा दुखत होता. कुणाच्या तरी डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. ती माणसं चालत, किंवा दुसऱ्याच्या आधाराने, एका झऱ्यापाशी आली आणि तिथल्या देवीपुढे हे ठेवून गेली. त्यांची नावं बहुतेक वेळा आपल्याला माहीत नाहीत. त्यांचं दुखणं मात्र त्यांनी लाकडात कोरून ठेवलं.

तर प्रश्न असा, की हे देव कोण होते आणि त्यांच्याबद्दल आपल्याला नक्की काय माहीत आहे? ‘नक्की’ या शब्दावर आज आपला भर आहे. कारण या विषयावर वाचायला लागलं की ‘प्राचीन केल्टिक आरोग्यदेवी’ म्हणून फार छान छान गोष्टी सापडतात. देवीचा स्वभाव, तिचे सण, तिची कथा, सगळं. आणि त्यातलं बरंचसं कुणीतरी नंतर कल्पनेनं भरलेलं असतं. खरी सामग्री थोडी आहे. पण ती थोडी सामग्री, आम्हांला विचाराल तर, त्या कल्पनांपेक्षा जास्त बोलकी आहे.

गॉल कुठे, आणि कथा का नाहीत

गॉल म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंडचा काही भाग आणि ऱ्हाईन नदीपर्यंतचा पश्चिम जर्मनी. अ‍ॅस्टेरिक्सची चित्रकथा ज्यांनी वाचली आहे त्यांना हा प्रदेश ओळखीचा असेल. ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व ५८ ते ५० या काळात तो जिंकला. तिथले लोक गॉलिश भाषा बोलत. ही केल्टिक कुळातली भाषा आता लुप्त झाली आहे.

त्यांच्याकडे पुरोहितवर्ग होता, ड्रुइड. सीझर लिहितो, की ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवणं योग्य मानत नसत; शिष्य सगळं मुखोद्गत करत आणि त्यात काहींची वीस-वीस वर्षं जात. पाठांतराची परंपरा आपल्याला नवी नाही. फरक असा, की आपल्याकडची साखळी तुटली नाही, त्यांची तुटली. त्यामुळे गॉलच्या देवांची एकही कथा त्यांच्याच तोंडून आपल्यापर्यंत आलेली नाही. पुराण नाही, स्तोत्र नाही, माहात्म्य नाही.

मग राहिलं काय? तीन गोष्टी. दगडावर आणि धातूवर कोरलेले लेख, मूर्ती आणि शिल्पं, आणि भक्तांनी वाहिलेल्या वस्तू. यातलं बहुतेक सगळं रोमन सत्ता आल्यानंतरचं आहे आणि लेख बरेचसे लॅटिनमध्ये आहेत. म्हणजे आपण ‘गॉलचे देव’ म्हणतो तेव्हा ते रोमन काळातल्या गॉलमध्ये दिसणारे देव असतात. त्याआधी त्यांचं रूप काय होतं, हा अंदाजाचा भाग. एवढं गाठीला बांधून आपण झऱ्यापाशी जाऊ.

सेक्वाना : नदी जिथे उगवते

पॅरिसमधून वाहणारी सेन नदी बर्गंडी प्रांतात, दीजोंच्या वायव्येला एका छोट्या दरीत उगम पावते. या नदीचं जुनं नाव सेक्वाना. आणि सेक्वाना हीच देवी. नदी आणि देवी यांचं नाव एकच, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

उगमापाशी रोमन काळात मोठं तीर्थक्षेत्र होतं. एकोणिसाव्या शतकात, १८३६ पासून, तिथे खोदकाम सुरू झालं. तेव्हा एक मोठं मातीचं भांडं मिळालं. त्यावर लेख होता, की रूफुस नावाच्या माणसाने हे सेक्वाना देवीला दिलं. भांड्याच्या आत नाणी होती आणि धातूच्या पातळ पत्र्याचे शंभरावर छोटे अवयव. आपल्याकडे देवीला चांदीच्या पत्र्याचे डोळे वाहतात, तो प्रकार डोळ्यांसमोर आणा.

पुढे १९३३ मध्ये देवीची ब्राँझची मूर्ती सापडली. ती एका नावेत उभी आहे, डोक्यावर मुकुट आहे आणि दोन्ही हात पुढे पसरलेले आहेत. नावेचं पुढचं टोक म्हणजे बदकाचं डोकं आहे आणि त्या बदकाच्या चोचीत एक गोल वस्तू आहे. हे बदक का? त्याच्यामागे काही कथा असणार. ती कथा हरवली आहे. इथे थांबायचं असतं.

आणि मग १९६३. त्या वर्षापासून झालेल्या उत्खननात चिखलातून लाकडी वस्तू निघायला लागल्या. एक-दोन नव्हे, शेकडो. लाकूड दोन हजार वर्षं कसं टिकलं? कारण ते पाण्याने भरलेल्या मातीत गाडलेलं होतं. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजवणारे जीव जगत नाहीत. उलट ते बाहेर काढलं आणि तसंच वाळू दिलं, की आक्रसतं आणि फाटतं. म्हणून अशा वस्तू जपणं हे मोठं किचकट काम असतं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. दगडाची आणि ब्राँझची वस्तू वाहणं सगळ्यांना परवडत नव्हतं. लाकूड गरिबालाही मिळत होतं. पण लाकूड बहुतेक ठिकाणी कुजून गेलं. म्हणजे इतर झऱ्यांवर आपल्याला जे दिसतं ते जास्त करून ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचं. सेनच्या उगमाशी चिखलाने गरिबांचीही नोंद ठेवली.

अवयव काय सांगतात

आता या वस्तू नीट पाहू. पाय आणि हात भरपूर आहेत. डोकी आहेत, काही ठिकाणी दोन-तीन डोकी एकाच लाकडावर, एकावर एक कोरलेली. घट्ट गुंडाळलेली तान्ही बाळं आहेत, दगडात केलेली. टोपडं असलेला जाड अंगरखा घातलेले यात्रेकरू आहेत, हातात काही घेऊन आलेले. कुणाकडे फळ, कुणाकडे छोटं जनावर.

आणि काही सपाट फळ्या आहेत. त्यांवर शरीराच्या आतले अवयव कोरले आहेत. श्वासनलिका आणि तिच्या दोन बाजूंना फुप्फुसं ओळखू येतात. कोरणाऱ्याला हे कसं माहीत? जनावर कापताना जे दिसतं त्यावरून, असा एक साधा तर्क करता येतो. कुणाला तरी दम लागत होता, खोकला जात नव्हता, आणि आतलं काय बिघडलंय ते देवीला दाखवायचं होतं.

डोळ्यांचं दुखणं फार दिसतं. सेनच्या उगमाच्या जवळच्याच भागात एसारवा या गावी अपोलो विंदोन्नुस या देवाचं मंदिर होतं. तिथे ब्राँझच्या पत्र्यावर काढलेले डोळे मिळाले आहेत. अलेझिया, म्हणजे जिथे सीझरने गॉलचा सेनानी व्हेर्सिंगेटोरिक्सला वेढलं ती जागा, तिथेही अपोलो मोरितास्गुसच्या झऱ्यावर डोळे वाहिलेले सापडले. घरात चूल धुमसत असायची, हिवाळ्यात दारं बंद. डोळ्यांचे विकार भरपूर असणार, यात आश्चर्य नाही.

पण सावध राहायला हवं. लाकडी पाय म्हणजे पायाचा रोग, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. एखाद्याने ‘मी इथवर चालत आलो’ हे सांगायला पाय वाहिला असेल. डोळा हा ‘देवी, माझ्याकडे बघ’ या अर्थाचाही असू शकतो. गुंडाळलेलं बाळ आजारी बाळासाठी, की बाळ व्हावं म्हणून, की झालं म्हणून? वस्तू तीच, अर्थ तीन. संग्रहालयातल्या वस्तूंवरून गॉलमधल्या रोगांची टक्केवारी काढायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

आधी की नंतर?

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ही वस्तू मागणं मागताना ठेवली, की मागणं पूर्ण झाल्यावर?

लॅटिन लेखांच्या शेवटी बऱ्याचदा चार अक्षरं येतात. त्यांचा विस्तार असा : वोतुम सोल्वित लिबेन्स मेरितो. याचं भाषांतर इतर भाषांत करताना लोकांना दोन-दोन वाक्यं लागतात. मराठीत दोन शब्द पुरतात : नवस फेडला. उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ, ‘आनंदाने आणि देवाचा तो हक्क होता म्हणून’. नवस बोलायचा, काम झालं की फेडायचा. हा व्यवहार आहे, आणि दोन्ही बाजूंना बांधणारा आहे.

उदाहरण देतो. दक्षिण फ्रान्समध्ये सें-रेमीजवळ ग्लानुम नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या झऱ्याचा देव ग्लानिस, आणि त्याच्याबरोबर ग्लानिके नावाच्या मातृदेवता. तिथे एक वेदी मिळाली. ती एका निवृत्त सैनिकाने उभारली आहे, रोमच्या एकविसाव्या सैन्यदलातल्या. त्याने ग्लानिस, ग्लानिके आणि सुखरूप घरी आणणारी रोमन देवी फोर्तूना यांचं नाव घेतलंय आणि शेवटी तीच चार अक्षरं. हा माणूस लढाईतून परत आला होता. त्याने कोणता आजार लिहिलेला नाही. जिवंत परत आलो, एवढंच.

म्हणजे दगडावरचे लेख बहुतेक नवस फेडल्याचे आहेत. पण लाकडी पायांवर काहीच लिहिलेलं नाही. ते मागणीचे की आभाराचे, सांगता येत नाही. ज्यांचा नवस पूर्णच झाला नाही त्यांनी दगड कोरवून घेतला नसणार, हेही ध्यानात ठेवा. दगडांची साक्ष ऐकून वाटतं, इथे येणारा प्रत्येक जण बरा झाला. न बरे झालेले शांत आहेत.

नावं ऐकू या

आता देवांच्या नावांकडे वळू. संस्कृत थोडंफार कानावर पडलेल्या माणसाला इथे गंमत वाटेल.

पहिला देव बोर्वो. याचं नाव उकळण्याशी, बुडबुडण्याशी जोडतात. वेल्श भाषेत आजही उकळण्याला ‘बेर्वी’ म्हणतात. बोर्वो गरम पाण्याच्या झऱ्यांचा देव आहे. कोकणात गरम झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात आणि राजापूरजवळ गावाचंच नाव उन्हाळे आहे. तसंच फ्रान्समध्ये बोर्वोवरून गावांची नावं पडली : बूर्बोन-ले-बें, बूर्बों-लान्सी, बूर्बों-लार्शांबो. या शेवटच्या गावावरून एका सरंजामी घराण्याला नाव मिळालं, ते घराणं पुढे फ्रान्सच्या गादीवर बसलं, बूर्बों राजघराणं. आणि त्या राजघराण्याच्या नावावरून आपण चहात बुडवतो ते बोर्बन बिस्किट. तर झऱ्याच्या बुडबुड्यांचा देव असा आपल्या बशीत येऊन बसला आहे.

बोर्वोची जोडीदारीण दामोना. तिचं नाव गाई-बैलाशी संबंधित असावं, असं मानतात. जुन्या आयरिशमध्ये बैलाला ‘दाम’ म्हणत, आणि संस्कृतात माणसाळवायच्या गोऱ्ह्याला ‘दम्य’ म्हणतात. धातू एकच.

सिरोना ही दुसरी देवी. तिच्या नावात ‘तारा’ आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. आपली ‘तारा’, इंग्रजीतला ‘स्टार’ आणि ही सिरोना एकाच कुळातल्या. जर्मनीत होखशाइड इथे जंगलातल्या एका झऱ्यावर तिचं आणि अपोलोचं मंदिर होतं. तिथली तिची मूर्ती आता ट्रिअरच्या संग्रहालयात आहे. हाताला सापाचा वेढा, दुसऱ्या हातात वाडगा, वाडग्यात अंडी. साप हे ग्रीक-रोमन वैद्यकदेवतेचं चिन्ह आहे. अंडी जननाची, नव्या जिवाची खूण असावीत.

दिवोना तर भाषांतराशिवाय कळते. गॉलिशमध्ये ‘देवो’ म्हणजे देव. दिवोना म्हणजे दैवी, देवाची. काओर शहराचं जुनं नाव दिवोना. बोर्दोमधल्या झऱ्याचंही तेच. चौथ्या शतकातला कवी औसोनियुस बोर्दोचाच. आपल्या गावच्या झऱ्याची स्तुती करताना तो मुद्दाम सांगतो, की केल्ट लोकांच्या भाषेत याला दिवोना म्हणतात. आश्चर्य म्हणजे तो ख्रिस्ती होता, तरी झऱ्याला दैवी म्हणायला तो कचरला नाही.

आणि आता नीम शहर. तिथल्या झऱ्याचा देव नेमौसुस. त्याच्यावरूनच शहराचं नाव पडलं. तिथे ग्रीक लिपीत पण गॉलिश भाषेत कोरलेला एक लेख आहे. त्यातले तीन शब्द ऐका : ‘देदे मात्रेबो नमौसिकाबो’. ‘देदे’ म्हणजे दिलं; संस्कृतात ‘ददौ’. ‘मात्रेबो’ म्हणजे मातांना, संस्कृतात ‘मातृभ्यः’. चतुर्थीचं अनेकवचन शाळेत घोकलेल्या कुणालाही तो ‘बो’ ओळखू येईल. नेमौसुसच्या मातांना कुणीतरी काही दिलं, कृतज्ञतेपोटी.

इथे एक धोक्याची सूचना. हे साम्य आहे ते भाषा एका मूळ कुळातल्या आहेत म्हणून. याचा अर्थ आपल्याकडचे लोक तिकडे गेले आणि त्यांनी देवी नेली, असा होत नाही. सख्ख्या-चुलत भावंडांचं नाक सारखं असतं, म्हणून एकाने दुसऱ्याकडून ते घेतलं असं आपण म्हणत नाही.

अपोलो कसा आला

आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल, की ‘अपोलो’ हे नाव सारखं येतंय. अपोलो ग्रीक, मग रोमन. तो इथे काय करतो? रोमन लोक परक्या देवाला आपल्या देवाचं नाव देत. सीझरच लिहितो, की गॉल लोकांच्या मते अपोलो रोग दूर करतो. त्यांच्या कोणत्या देवाला तो अपोलो म्हणत होता, ते तो सांगत नाही. पुढे जोडनावं तयार झाली : अपोलो ग्रान्नुस, अपोलो बोर्वो, अपोलो मोरितास्गुस.

यात एक पाहण्यासारखं आहे. जोडीतल्या देवाला रोमन नाव मिळालं, पण देवीचं नाव बहुतेक वेळा गॉलिशच राहिलं. अपोलो आणि सिरोना. अपोलो मोरितास्गुस आणि दामोना. दरबारी भाषा नवऱ्याच्या नावाला चिकटली, घरची भाषा बायकोच्या नावात उरली. हे फक्त जित-जेत्यांचं राजकारण होतं, की लोकांच्या मनात देवीचं स्थान इतकं पक्कं होतं की ते बदलता आलं नाही? लेख यावर काही बोलत नाहीत. पण झऱ्यावर रोज येणाऱ्या माणसांनी देवीला जुन्याच नावाने हाक मारली, एवढं नक्की.

ग्रान्नुसची कीर्ती मोठी होती. जर्मनीतल्या आखन शहराचं लॅटिन नाव आक्वीसग्रानुम; त्यात ‘पाणी’ आहे आणि बहुधा ग्रान्नुसही. रोमन सम्राट कॅराकॅला आजारी असताना ग्रान्नुसला शरण गेला. इतिहासकार कॅसियुस दिओ सांगतो, की त्याने ग्रान्नुस, एस्क्युलापियुस आणि सेरापिस अशा तिघांनाही साकडं घातलं, आणि एकाचाही उपयोग झाला नाही. सम्राटाचा न फळलेला नवस लिहून ठेवायला इतिहासकार होता. गरिबाच्या न फळलेल्या नवसाला कुणी नव्हतं.

शामालिएरचा चिमुकला पत्रा

मध्य फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ शहराला लागून शामालिएर आहे. ज्वालामुखींचा प्रदेश, झऱ्याचं पाणी खनिजयुक्त आणि बुडबुडणारं. १९६८ मध्ये तिथे लाकडी नवसाच्या वस्तूंचा प्रचंड साठा सापडला, सेनच्या उगमापेक्षा कितीतरी मोठा, हजारोंनी. बहुतेक बीचच्या लाकडाच्या, पहिल्या शतकातल्या. मोठं दगडी मंदिर मात्र तिथे नव्हतं. झऱ्याचं डबकं, भोवती लोक, आणि पाण्यात सोडलेले हातपाय.

१९७१ मध्ये त्या गाळात शिशाचा एक पत्रा मिळाला, तळहातात मावेल एवढा. त्यावर रोमन वळणाच्या घाईच्या लिपीत, पण गॉलिश भाषेत, बारा ओळी आहेत. आपल्याला मिळालेल्या मोठ्या गॉलिश लेखांपैकी हा एक. त्यात मापोनोस या देवाला हाक आहे. मापोनोस म्हणजे दिव्य पुत्र. वेल्शमध्ये ‘माब’ म्हणजे मुलगा. पुढे काही पुरुषांची नावं येतात आणि शेवटी एकच वाक्य तीनदा.

हे काय आहे? आरोग्याची प्रार्थना? शत्रूला शाप? एकत्र घेतलेली शपथ? भाषाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शिशाचा पत्रा रोमन जगात शापासाठी फार वापरत, त्यामुळे अनेकांना ती शंका येते. आपण मात्र यातून एवढं घ्यायचं, की झरा म्हणजे नुसता दवाखाना नव्हता. तिथे दुखणं घेऊन लोक येत तसंच भांडणही घेऊन येत. जिथे ऐकणारा आहे असं वाटतं, तिथे माणूस सगळंच सांगतो.

पुढे काय झालं

चौथ्या शतकानंतर ही देवस्थानं ओस पडत गेली. पण झरे तिथेच होते आणि माणसांची दुखणीही. सहाव्या शतकात तूरचा बिशप ग्रेगरी एका डोंगरी तळ्याची हकिगत सांगतो. गावोगावचे लोक तिथे जमत, तीन दिवस जत्रा करत आणि तळ्यात कापड, लोकर, चीज, मेण, भाकरी टाकत. समजावून कुणी ऐकेना. शेवटी तिथल्या बिशपने काठावर संत हिलरीचं चर्च बांधलं, आणि लोक त्याच वस्तू चर्चमध्ये आणून द्यायला लागले.

सेनच्या उगमाजवळ सेक्वानुस नावाच्या संताचा मठ झाला. देवी सेक्वाना, संत सेक्वानुस. अलेझियाच्या टेकडीवर संत रेनचा झरा प्रसिद्ध झाला. तिथे त्वचारोगाचे रुग्ण इतके येत, की १६५९ मध्ये त्यांच्यासाठी रुग्णालय काढावं लागलं. आणि सेनचा उगम? १८६४ मध्ये ती जागा पॅरिस शहराने विकत घेतली, कृत्रिम गुहा बांधली आणि एका जलपरीचा पुतळा बसवला. खरी सेक्वाना, बदकाच्या नावेतली, तेव्हा जवळच जमिनीखाली होती. ती वर यायला अजून सुमारे सत्तर वर्षं लागायची होती.

आम्हांला या सगळ्यातून जे दिसतं ते असं. देवांच्या कथा ज्यांनी जपायच्या, त्या पुरोहितांची परंपरा संपली आणि कथा गेल्या. जिंकणाऱ्यांनी देवांना आपली नावं दिली. उरलं ते भक्तांनी ठेवलेलं. या देवांना आपण ओळखतो ते त्यांच्या पराक्रमावरून नाही, तर त्यांच्यापुढे कोण कोणतं दुखणं घेऊन आलं त्यावरून. त्या जागी नवी कथा रचून बसवली, तर त्या माणसांनी जे सांगितलं ते आपण पुसून टाकू.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : या पाण्याने लोक खरंच बरे होत होते का?

उत्तर : झऱ्याझऱ्यात फरक आहे. बूर्बोन-ले-बेंचं पाणी चांगलं गरम आहे, खनिजं आहेत. सांधेदुखीसाठी लोक आजही तिथे जातात. शेक मिळाला की आराम वाटणार. पण सेनच्या उगमाचं पाणी थंड, साधं, स्वच्छ आहे. त्यात विशेष औषधी काही नाही. तरी अवयव तिथेच ढिगाने मिळाले. म्हणजे लोक फक्त खनिजांसाठी जात नव्हते. प्रवास, विश्रांती, सोबतची माणसं, कुणीतरी आपलं ऐकलं हा दिलासा, याचाही गुण येत असेल. आणि काही दुखणी आपोआपच बरी होतात, श्रेय देवीला जातं.

एक मात्र सांगायला हवं. हे लोक वैद्य सोडून झऱ्यावर जात होते, असं समजू नका. रोमन काळातल्या डोळ्यांच्या वैद्यांचे दगडी शिक्के मिळाले आहेत. छोटी चौकोनी वडी, तिच्या कडांवर वैद्याचं नाव, औषधाचं नाव आणि कोणत्या विकारावर ते. औषधाच्या कांडीवर ते उठवत. असे शिक्के सर्वांत जास्त गॉलमध्येच सापडतात. म्हणजे डोळ्यांत औषधही घालत होते आणि झऱ्यावर डोळाही वाहत होते. आपल्यापैकी कितींच्या घरात ऑपरेशनची तारीख ठरली की देवाला नारळही ठेवतात? तसंच.

प्रश्न : आपल्याकडचे चांदीचे डोळे, वांद्र्याच्या माउंट मेरीला वाहतात ते मेणाचे हातपाय, आणि हे लाकडी अवयव, यांचा काही संबंध आहे का?

उत्तर : माउंट मेरीचा संबंध काही प्रमाणात सांगता येतो. ख्रिस्ती जगात मेणाचे अवयव वाहण्याची चाल जुनी आहे आणि तिची मुळं भूमध्य समुद्राकाठच्या ख्रिस्तपूर्व प्रथांपर्यंत जातात. ती चाल पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली, असं मानायला जागा आहे. तिथे वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. देवीच्या चांदीच्या डोळ्यांचा मात्र गॉलशी धागा जोडायला आपल्यापाशी पुरावा नाही. तो जोडायची गरजही नाही. दुखतं कुठे हे विचारलं की माणूस कोणत्याही देशात त्या जागेवर बोट ठेवतो. त्या लाकडी पायात याहून वेगळं काही नाही.